दोन्ही घरचा पाहुणा

पत्र असं आहे:

"ताई, मी जळगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. भावाच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, तिथे मी आणि माझा मुलगा राहतो. परस्पर संमतीनं घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. त्याच्या पप्पांची चोपडा तालुक्यात केळीची शेती आणि कृषी केंद्र आहे. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी आणि सुटीत तो तिकडे जातो. परत आला की म्हणतो, 'माले तठे करमत नही.' आजी ओरडते, पप्पा दिवसभर दुकानावर असतात, वगैरे. मला वाईट वाटतं, मी त्याला जवळ घेते, त्याच्या आवडीची शेवभाजी करते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो तिकडेच होता. फोनवर म्हणाला, काहीच मजा नाही आली. पुढे एका लग्नात त्याची फुई, म्हणजे आत्या, भेटली. तिचं-माझं अजून बरं आहे. ती म्हणाली, आखाजीला पोरगा झोक्यावरून उतरायला तयार नव्हता, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या. आणि तिथं सांगतो की मम्मी सारखी कामावर असते, मामा रागावतो, मला इथंच राहायचंय. ताई, मला दोन रात्री झोप नाही. सुटीहून आला तेव्हा त्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा होता, हातात घड्याळ नव्हतं. विचारलं तर म्हणे मित्राचं घातलं होतं. आता त्याच्या पप्पांनी मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केलाय. जजसाहेब मुलाला विचारतील म्हणतात. त्याला काय बोलायचं ते शिकवून ठेवू का? शिवाय श्रावणात त्यांच्याकडे कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसते, तो रविवार माझ्या वाटणीचा आहे, पाठवू की नको? माझा मुलगा इतका दुतोंडी कसा झाला? बापावरच गेला असं वाटायला लागलंय."

ताई,

शेवटून सुरुवात करते. 'दुतोंडी' आणि 'बापावर गेला' हे दोन्ही शब्द तुम्ही मला लिहिलेत तेवढे पुरे. घरात उच्चारू नका, भावजयीजवळसुद्धा नको. दोन खोल्यांच्या घरात मुलाला सगळं ऐकू जातं. त्याचं नाक, चाल, हसणं यातलं काही ना काही पप्पांसारखं असणारच, आणि तो शब्द त्या सगळ्यावर जाऊन बसतो.

आता पत्र पुन्हा वाचू. आजी ओरडते, हे खोटं आहे का? ओरडतच असतील, तुम्ही त्या घरात राहिलेल्या आहात. पप्पा दिवसभर दुकानावर? पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रवाला माणूस घरी दिसतच नाही. आणि मम्मी सारखी कामावर असते, हेही खरंच. मार्चअखेरीला पतसंस्थेत रात्रीचे किती वाजतात ते तुम्हालाच माहीत. म्हणजे पोरगा बनवाबनवी करत नाही. दोन्ही घरांतलं जे खरं आहे त्यातून समोरच्याला काय ऐकायला आवडेल तेवढं निवडतो आणि देतो. तुम्हाला तिकडचं ओरडणं, त्यांना इकडची धावपळ. झोका आणि आमरस मात्र कुणालाच सांगत नाही. खरं तर मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. दिवसभर झोक्यावर होता आणि संध्याकाळी आईला फोनवर ते सांगता आलं नाही.

का सांगता आलं नाही, ते तुम्हीच लिहिलंय. तक्रार केली की तुम्ही जवळ घेता, शेवभाजी होते. तिकडेही तक्रारीला काहीतरी मिळत असणार, कदाचित ते घड्याळच. जळगाव-चोपडा रस्त्यावरच्या विदगावच्या पुलाच्या दोन्ही टोकांना जणू नाका बसवलेला आहे आणि पोरगा गेली दोन वर्षं येता-जाता तक्रारीची जकात भरतोय. त्याला कुणी हे शिकवलं नाही. तुमचा चेहरा पाहून तो शिकला. तिकडचं काही चांगलं सांगितलं की मम्मीचा चेहरा उतरतो, वाईट सांगितलं की मम्मी मऊ होते. मुलांना एवढं कळायला फार दिवस लागत नाहीत.

त्या घड्याळाबद्दल थोडं बोलते. ते त्याला आवडलं होतं. आवडल्याशिवाय भर मे महिन्याच्या उन्हात कातडीवर पट्टा उमटेपर्यंत कुणी घालत नाही. मग एसटीत बसायच्या आधी कधीतरी त्यानं ते काढलं आणि तिकडेच ठेवून दिलं. का? तुम्ही घड्याळ पाहिलं असतं तर पहिलं वाक्य काय बोलला असतात? 'खावटी द्यायला पैसे नाहीत, घड्याळाला आहेत' असलंच काहीतरी ना? (पत्रात खावटीचा, म्हणजे पोटगीचा, उल्लेख नाही, पण अशा बहुतेक पत्रांत ती कुठेतरी थकलेली असते, म्हणून अंदाज.) पोरानं ते वाक्य आधीच ऐकून ठेवलं होतं. तुम्हाला ते बोलावं लागू नये आणि पप्पांना बोल लागू नये, अशी दोन्हीकडची सोय त्यानं एका घड्याळात केली. मित्राचं होतं हे खोटंच, त्यात शंका नाही. त्या खोट्याबद्दल त्याला रागवू मात्र नका. एवढा हिशेब अकराव्या वर्षी करावा लागतोय, ही काळजी करण्याची गोष्ट.

तर करायचं काय? एक तर त्याला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. 'फुईनं मला सगळं सांगितलंय' हे तर मुळीच नको. फुई त्याच्या हातची जाईल आणि दोन्ही घरांत ये-जा असलेलं ते एकच माणूस आहे. कुठल्याही साध्या वेळी, तुमचे हात कामात असताना, किंवा स्कूटीवर तो मागे बसलेला असताना, म्हणजे तुम्ही एकमेकांचे चेहरे पाहत नसताना, एवढंच म्हणा: "आखाजीला तिकडे मजा आली असेल ना रे. तुझ्या आजीच्या हातचे खापरावरचे मांडे मला पण फार आवडायचे." आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न विचारू नका. मांडे आवडत नसतील तर दुसरं काही शोधा, पण त्या घरातलं एक खरं चांगलं शोधाच. खोटं कौतुक त्याला लगेच कळेल.

त्याचा विश्वास बसणार नाही. तो तुमची परीक्षा घेईल, म्हणेल, "पण आजी लई ओरडते." तेव्हा "हो, ओरडतात त्या, मला पण ओरडायच्या" म्हणून हसून सोडून द्या. त्या दिवशी शेवभाजी नको. शेवभाजी एखाद्या बुधवारी, काही कारण नसताना होऊ द्या. जवळ घेणं कमी करू नका, फक्त ते तक्रारीच्या पाठोपाठ येऊ देऊ नका. दोन-चार महिने लागतील. मग एखाद्या रविवारी तो आपणहून म्हणेल की पप्पांनी ट्रॅक्टरवर बसवलं. तुमच्या पोटात कालवेल, ते साहजिक आहे. तोंडावर मात्र येऊ देऊ नका. रडायचं असेल तर भावजयीपाशी रडा, तो खेळायला गेल्यावर.

रविवारी संध्याकाळी तो आला की पहिला अर्धा-पाऊण तास प्रश्न बंद. जेवलास का आणि अभ्यास राहिलाय का, एवढे दोन चालतील. एका घरातून दुसऱ्या घरात यायला शरीराला दीड-दोन तास लागतात, मनाला जरा जास्त. त्या वेळात तो चिडचिडा असतो, त्याचा अर्थ तिकडे काही वाईट घडलं असा लावू नका.

पैशाचे निरोप त्याच्यामार्फत बंद. 'पप्पांना सांग फी भरायचीय' हे वाक्य तुम्ही थेट व्हॉट्सॲपवर लिहा. थकलेल्या खावटीसाठी वकिलामार्फत वसुलीचा अर्ज करता येतो. खावटी आणि मुलाची भेट या कोर्टाच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत, एक थकली म्हणून दुसरी अडवता येत नाही. मुलाच्या वडिलांनाही एक निरोप पाठवून पाहा: "तो दोघांकडे वेगवेगळं बोलतो. आपण दोघांनीही त्याला एकमेकांबद्दल विचारणं थांबवू या." उद्या हे साहेबांपुढे वाचलं जाईल असं समजून प्रत्येक निरोप लिहा. ते ऐकतील की नाही, ते तुमच्या हातात नाही. एका टोकाचा नाका उठला तरी पोराची अर्धी जकात वाचते.

आणि आपले नातेवाईक. लग्नात, बारशात, पानाचा विडा तोंडात धरून विचारणारे, "काय रे, तुले मम्मी आवडस का पप्पा?" या प्रश्नात गंमत काय आहे, हे मला आजवर समजलेलं नाही. तुमचा भाऊ असो की मावशी, तिथल्या तिथे अडवा: "हे त्याला विचारायचं नाही." चारचौघांत थोडं वाईट दिसेल, दिसू द्या. पोरगा तेवढंच लक्षात ठेवेल.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते, कारण तक्रार म्हणजे जकात हे ऐकून तुम्ही प्रत्येक तक्रारीकडे कानाडोळा करायला लागाल. मारहाण, दारू पिऊन गाडीवर बसवणं, नको तिथे हात लावणं, अंगावर वळ. किंवा जायच्या आदल्या रात्री पोटात दुखणं, अंथरूण ओलं होणं, तिकडचं नाव काढताच थिजणं, यातलं काही दिसलं तर ते निमूटपणे सोडायचं नाही. कधी, कुठे, कोण हे त्याच्या शब्दांत लिहून ठेवा, डॉक्टरांना आणि वकिलांना दाखवा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. 'करमत नही' आणि 'आजी ओरडते' ही वेगळी भाषा आहे.

कानबाईला पाठवा. यात मला जराही शंका नाही. नागपंचमीनंतरचा रविवार, सोमवारी विसर्जन. शाळा एक दिवस बुडली तर बुडू द्या. रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य घ्यायची रीत तुम्ही तिथं पाहिलेली आहे. त्याच्या नावाची मूठ तुमच्या घटस्फोटानं कमी झालेली नाही. रोट भाऊबंदकीतच खातात, म्हणजे तुम्हाला नाही पण त्याला त्यात वाटा आहे, आणि त्याला तो मिळायला हवा. बदल्यात पुढचा एक रविवार मागून घ्या, लेखी. आणि निघताना त्याला सांगा, "कानबाईला माझा पण नमस्कार सांग." हे जमणार नसेल तर नुसतं "नीट जा" म्हणा. कडवट तोंडानं दिलेल्या परवानगीपेक्षा तेवढं बरं.

राहिलं कोर्ट. आपल्याकडे गावोगावी सांगतात की सात वर्षं झाली की मुलगा बापाचा. असा कायदा नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहावं असं म्हटलंय, पण पाच पूर्ण झाली की आपोआप बापाकडे, असं नाही. त्याच कायद्यानुसार मुलाचं हित सर्वांत वर. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात असं आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. त्यात वयाचा आकडा नाही आणि मूल म्हणेल तेच होईल असंही नाही. शाळा, राहण्याची जागा, कोण वेळ देतं, दुसऱ्या पालकाला कोण भेटू देतं, हे सगळं बघितलं जातं. साहेब बऱ्याचदा मुलाशी आपल्या दालनात, आईबाप बाहेर असताना बोलतात. पढवलेलं पोपटपंचीचं उत्तर त्यांच्या कानाला लगेच लागतं, आणि ते शिकवणाऱ्याच्या विरुद्ध जातं.

म्हणून शिकवू नका. तिथं तो काय म्हणेल? कदाचित पप्पांकडे राहायचंय म्हणेल, कदाचित तुमच्याकडे, कदाचित मान खाली घालून काहीच नाही. आदल्या दिवशी त्याला एवढंच सांगा: "एक साहेब तुझ्याशी बोलतील. जे वाटेल ते सांग. काही सांगावंसं नाही वाटलं तर तेही सांग. निर्णय ते घेणार आहेत, तू नाही. तू काही बोललास म्हणून मी रागावणार नाही आणि पप्पाही नाहीत." पप्पांच्या वतीनं हे वचन तुम्ही देताय, याची कल्पना त्यांनाही देऊन ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. बाईला आणि मुलाला तिथे मोफत वकील मिळतो, पगाराची अट नाही. अर्ज निकाली निघण्याआधी मध्यस्थीला पाठवा अशी विनंतीही वकिलाकडून करून घ्या. सुट्यांची वाटणी तिथे टेबलावर बसून ठरते, आणि मुलाला दालनात जायची वेळ कदाचित येतही नाही.

आलीच, तर तो बाहेर आल्यावर "काय विचारलं रे साहेबांनी?" हे तुम्ही विचारायचं नाही, मामानं नाही, वकिलांनीही नाही. त्याला भूक लागलेली असेल, कोर्टाच्या तारखा काही जेवणाच्या वेळा पाहून पडत नाहीत. आधी खायला घाला.