समन नव्हे, मुसम्मन

आग्र्याच्या किल्ल्यातील ‘समन बुर्ज’ म्हणजे चमेलीचा बुरूज हे खरे का, आणि मराठीत ‘बुर्ज’ लिहावे की ‘बुरूज’, असे एका वाचकाने विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लवकर लागतो. ‘हुक्म’चा हुकूम झाला, ‘मुल्क’चा मुलूख झाला, तसेच अरबी ‘बुर्ज’मधील जोडाक्षर फोडून मराठीने बुरूज केला, तो शब्द आता आपला आहे आणि ‘बुरुजावर’ म्हणताना त्याचा रू नियमाप्रमाणे ऱ्हस्वही होतो.

चमेलीचे प्रकरण मात्र सोडून देण्यासारखे नाही. ही व्युत्पत्ती वाटाड्यांच्या तोंडी आहे, प्रवासवर्णनांत आहे, आणि ती इतक्या ठामपणे सांगितली जाते की दर वेळी ऐकताना संताप येतो. फारसीत ‘समन’ म्हणजे चमेली, एवढेच त्यात खरे आहे. बुरुजाचे नाव आहे ‘मुसम्मन बुर्ज’. अरबीत आठ या संख्येला ‘थमानिया’ म्हणतात आणि त्याच धातूपासून ‘मुथम्मन’, म्हणजे आठ बाजूंचा, हे विशेषण तयार होते. फारसी आणि उर्दू बोलताना त्या ‘थ’चा ‘स’ होतो. लिहिताना मात्र तो ‘से’ या स्वतंत्र अक्षरानेच लिहावा लागतो, तर चमेलीच्या ‘समन’मध्ये ‘सीन’ हे अक्षर येते. फारसी लिपीत हे दोन शब्द शेजारी ठेवले तर शंकेला जागाच उरत नाही. नागरीत दोन्ही ‘स’ एकच दिसतात, बोलण्यात आरंभीचा ‘मु’ गळतो, आणि मग फुलाची कथा आयतीच तयार होते.

वास्तूकडे पाहिले तरी पुरे. अकबराने १५६५ पासून बादलगढच्या जुन्या विटांच्या किल्ल्याच्या जागी लाल वालुकाश्माचा हा किल्ला उभारला. पुढे शाहजहानने आतील बरेच महाल पाडून त्यांच्या जागी संगमरवरी वास्तू बांधल्या, आणि हा बुरूज त्यांतीलच आहे. आराखडा अष्टकोनी असून त्याच्या पाच बाजू यमुनेकडे पुढे आलेल्या आहेत. आतल्या फरशीत उथळ, कोरीव कारंजे आहे आणि संगमरवरात रंगीत दगड बसवून फुलापानांची परचिनकारी केलेली आहे. ‘या फुलांवरून नाव पडले’ असे काही जाणकारही लिहितात. त्यांना माझा प्रश्न एवढाच आहे की परचिनकारीची फुले शाहजहानच्या इतर इमारतींतही आहेत, मग त्यांतील एकीलाही चमेलीचे नाव का मिळाले नाही? उलट लाहोरच्या किल्ल्यात शीशमहाल ज्या आवारात आहे त्या भागाला मुसम्मन बुर्ज म्हणतात, आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यात खासमहालाला लागून नदीकडे पुढे आलेला बुरूजही मुसम्मन बुर्जच आहे. १९११ च्या दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज तेथूनच लोकांसमोर आला होता. तीन शहरांत तेच नाव आहे, कारण ते आकाराचे नाव आहे.

आता मला सर्वांत प्रिय असलेला पुरावा सांगतो. गझलेच्या छंदशास्त्रात ‘हजज मुसम्मन सालिम’ असे एका वृत्ताचे नाव आहे. शेराच्या दोन ओळींत मिळून ‘मफाईलुन’ हा गण आठ वेळा येतो, म्हणून ते मुसम्मन. सहा वेळा आला की मुसद्दस. ओळीत चार वेळा ‘लगागागा’ (‘ल’ म्हणजे लघु, ‘गा’ म्हणजे गुरू अक्षर) असलेले हेच वृत्त आपण मराठीत वियद्गंगा म्हणून ओळखतो. ज्याने एकदा वियद्गंगेत गझल लिहिली आहे, त्याने हा बुरूज चमेलीचा म्हणावा, हे मला अगदी असह्य होते.

औरंगजेबाने १६५८ मध्ये बापाला याच किल्ल्यात कोंडले आणि जानेवारी १६६६ मध्ये शाहजहान तेथेच वारला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ मे रोजी, शिवाजी महाराज त्याच किल्ल्यातील दरबारात उभे होते. त्यामुळे मराठी वाचकाला या किल्ल्याची ओढ असणे स्वाभाविक आहे, पण मग त्यातील वास्तूंची नावेही नीट घेतली पाहिजेत. कैदेतील बादशहा या बुरुजातून ताजमहालाकडे पाहत असे, हे सर्वजण सांगतात. त्या ताजमहालाचा मुख्य घुमट ज्या चौरसावर उभा आहे त्याचे चारही कोपरे छाटलेले असल्याने तोही आठ बाजूंचाच होतो, आणि अशा विषमभुज अष्टकोनाला वास्तुविद्येत ‘मुसम्मन बगदादी’ म्हणतात, हे मात्र कोणी सांगत नाही. एका मुसम्मनातून दुसरे मुसम्मन दिसावे ही शाहजहानची जाणून केलेली योजना होती, असे मी मानतो. जागेच्या सोयीने तसे झाले, असे म्हणणाऱ्यांनी अष्टकोनाची त्याला असलेली आवड लक्षात घेतलेली नाही.

‘मुसम्मन’ला तंतोतंत मराठी शब्द ‘अष्टपैलू’ हाच आहे, परंतु तो आपण क्रिकेटपटूंना आणि नटांना देऊन बसलो आहोत. तेव्हा ‘मुसम्मन बुरूज’ असेच लिहावे आणि गरज पडेल तेथे ‘अष्टकोनी’ म्हणून खुलासा करावा.