डिसॅबिलिटी पेन्शन: हक्क गेलेला नाही, थकबाकी मात्र दर महिन्याला जातेय

हवालदारसाहेब, अशी पत्रं मला सातारा-सांगलीकडनं कायम येतात. तुम्ही 2013 ला घरी आलात, जाताना मेडिकल बोर्डानं बीपी धरून 30 टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी लिहिलं, आणि खाली शेरा मारला की आजार नोकरीमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, नामंजूर. आता बरोबरीच्या जवानाला मिळाली, तर मला 2013 पासूनची सगळी मिळेल का, असं विचारताय.

सगळी मिळणार नाही. पेन्शन दर महिन्याची असते त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण थकबाकी सहसा केस दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. तरसेम सिंग नावाचे जवान 1983 ला मेडिकलवर घरी आले, कोर्टात गेले 1999 ला, आणि 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना तीनच वर्षांची थकबाकी दिली. तुमचंही तेच होईल असं धरून चला. म्हणजे तुम्ही विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना त्या तीन वर्षांच्या मागच्या टोकाकडनं कापला जातोय.

नकाराच्या पत्राचा फोटो पाठवलात, त्यात शेवटच्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की सहा महिन्यांत अपील करा. घड्या अजून कोऱ्या दिसतायत, एकदा वाचून जे ट्रंकेत टाकलंत ते परत उघडलंच नाही. कारखान्यावर सिक्युरिटीची नोकरी लागली म्हणून मागे लागलो नाही म्हणता, पण त्या पगाराचा आणि या पेन्शनचा काडीचा संबंध नाही हो, तेव्हा कुणाला तरी विचारायचं होतंत.

केसमध्ये दम आहे असं मला वाटतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं आणि नाही म्हणायचं तर बोर्डानं कारणं द्यायची, हे धरमवीर सिंग केसमध्ये 2013 लाच ठरलंय, नुसतं 'पीस स्टेशनला (म्हणजे सीमेपासून लांब, शांत ठिकाणच्या पोस्टिंगला) सुरू झाला' एवढं पुरत नाही. जिंकलात तर 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के अपंगत्व धरलं जाऊ शकतं. पण बोर्डाचे पूर्ण कागद बघितल्याशिवाय खात्री देणार नाही, वजन, दारू-सिगारेट असलं काही लिहिलं असेल तर सरकारी वकील तेच धरून बसतो.

आता याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पहिलं अपील पाठवा, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज, त्यात जे घडलं तेच लिहा, खोटं आजारपण नको. बोर्डाचे कागद माहिती अधिकारात मागवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेस चालवणारं न्यायाधिकरण, त्याच्या मुंबई बेंचला केस टाकता येते, आणि तीन वर्षं मोजली जातात ती या केसच्या तारखेपासून, अपिलाच्या नाही. तिथं तारखा लांबतात, निकालानंतर सरकार वरच्या कोर्टात जातं, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. आज पोस्टात जायचं तेवढं आहे, आणि यावेळी पोचपावती ट्रंकेत नको, मला फोटो पाठवा.