अण्णा चालतं, मद्रासी का नाही चालत?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसमध्ये आंध्रातल्या गुंटूरचा एक जण आहे, त्याला सगळे 'अण्णा' म्हणतात, कधीकधी 'मद्रासी'सुद्धा. परवा तो 'मद्रासी'वर एकदम उखडला, 'अण्णा'वर कधीच नाही. आम्ही तर दोन्ही प्रेमानेच म्हणतो, मग एक गोड आणि एक कडू असं का, आणि बाहेरच्या देशांत लोक असं बोलतात तेव्हा त्यांना चालतं का?

आधी 'अण्णा' घेते कारण ते सोपं आहे. तेलुगूत अन्ना म्हणजे मोठा भाऊ, कन्नड-तमिळमध्येही तेच, आणि आपल्याकडे तर हा शब्द इतका मुरलाय की तो दक्षिणेकडचा आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. महर्षी कर्वे अण्णा, अण्णा भाऊ साठे, प्रत्येक वाड्यात एक तरी अण्णा. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याला तुम्ही 'अण्णा' म्हणता तेव्हा तुमच्या मनात कदाचित फक्त 'साउथ इंडियन' असेल पण त्याच्या कानाला मोठा भाऊ ऐकू येतो. शब्द त्याच्या घरचाच आहे.

'मद्रासी' त्याच्या घरचा नाही. उलट गुंटूरच्या माणसाला तो जरा जास्तच बोचणार, कारण तेलुगू लोक मद्रास राज्यातून वेगळे व्हायला भांडलेत. पोट्टी श्रीरामुलूंनी स्वतंत्र आंध्रसाठी उपोषण करून डिसेंबर 1952 मध्ये प्राण सोडले, मग 1 ऑक्टोबर 1953 ला आंध्र राज्य झालं. आता विचार करा, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गेलेल्या घरातल्या कुणाला दिल्लीत कोणी 'ए गुजराती' म्हटलं, का तर तेव्हा दोघं एकाच मुंबई राज्यात होते म्हणून, तर कसं वाटेल? आणि ज्या मद्रास राज्यावरून हा शब्द आला त्याचंसुद्धा नाव 1969 मध्येच तमिळनाडू झालं. म्हणजे राज्य गेलं, शब्द तेवढा चिकटून राहिला.

बाहेरचं विचारलंय तर मी अर्जेंटिना-उरुग्वेचं उदाहरण घेईन, कारण तिथे हा प्रकार आपल्यासारखाच आहे, किंबहुना जास्तच. स्पेनमधून आलेला कुठल्याही भागातला असो, तो 'गाय्येगो', म्हणजे गॅलिसियाचा. इटलीचा कुठलाही असो, तो 'तानो', म्हणजे नापोलितानो (नेपल्स बंदराचा) या शब्दाचं शेपूट. आणि सिरिया-लेबनॉनचे लोक ऑटोमन साम्राज्याची कागदपत्रं घेऊन उतरले म्हणून ते सगळे 'तुर्को', तुर्की नसतानाही. कार्लोस मेनेम राष्ट्राध्यक्ष होते 1989 ते 1999, आईवडील सिरियाचे, पण देशभर 'एल तुर्को'. आपलं 'मद्रासी' हुबेहूब असंच घडलंय, एका बंदराचं किंवा एका राज्याचं नाव घ्यायचं आणि अख्ख्या दिशेच्या माणसांवर ओतायचं. गाय्येगोंच्या मठ्ठपणावर तिकडे विनोदांचा ढीग आहे, आपल्याकडे सरदारजींवर आहे तसाच.

पण तिकडे 'नेग्रो', 'नेग्रा', म्हणजे काळा-काळी, हे शब्द खरोखर लाडाचेसुद्धा आहेत. नवरा बायकोला म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो, आणि माणूस गोरा असला तरी म्हणतात. मेर्सेदेस सोसा एवढी मोठी गायिका, लोक तिला 'ला नेग्रा' म्हणायचे आणि त्यात निव्वळ जिव्हाळा होता. नोव्हेंबर 2020 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एडिन्सन कावानीने साउथॅम्प्टनविरुद्ध दोन गोल केले, एका मित्राने अभिनंदन केलं, त्याला इन्स्टाग्रामवर उत्तर दिलं 'ग्रासियास नेग्रितो', थँक्यू रे काळू असं म्हणा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने तीन मॅचची बंदी आणि 1 लाख पौंड दंड ठोकला. अपमानाचा हेतू नव्हता हे त्यांनी मान्यही केलं, तरी शिक्षा दिली. उरुग्वेच्या भाषा अकादमीने मग जाहीर निषेध केला की आमच्या भाषेत हा प्रेमाचा शब्द आहे आणि तुम्हाला तो कळलेला नाही. माझं मत विचाराल तर इथे अकादमी बरोबर होती. ज्याला उद्देशून लिहिलं तो मित्र, त्याला ती भाषा येते, त्याची तक्रार नाही.

आता याच्या नऊ वर्षं आधीचं बघा. ऑक्टोबर 2011, लिव्हरपूलचा लुइस सुआरेझ, तोही उरुग्वेचाच, मैदानात भांडण चालू असताना मँचेस्टर युनायटेडच्या कृष्णवर्णीय पॅट्रिस एव्हराला 'नेग्रो' म्हणाला आणि नंतर बचाव काय तर आमच्याकडे असं म्हणतात. चौकशी समितीने ते मानलं नाही, आठ मॅचची बंदी घातली, आणि मला तेही बरोबर वाटतं. देश तोच, शब्द जवळपास तोच, पण समोरचा माणूस मित्र नाही, त्याच्याशी बाचाबाची चाललीय, तिथे लाड कुठून येणार?

आणि 'इतो-इता' म्हणजे लाडाचा प्रत्यय, मग शब्द लाडाचाच, असं कुणी म्हणेल तर त्याच अर्जेंटिनात 'काबेसिता नेग्रा' आहे. काळं डोकुलं, एका छोट्या पक्ष्याचंही ते नाव. 1940 च्या दशकात गावाकडून कामधंद्यासाठी ब्युनोस आयर्सला आलेल्या सावळ्या माणसांना शहरी लोक हे म्हणायला लागले. प्रत्यय गोंडस आणि आत सगळा तिटकारा भरलेला.

आपल्या मराठीत हे काम 'या' प्रत्यय करतो. गणेशचा गण्या, रामचा राम्या. शाळेतल्या मित्राने गण्या म्हटलं तर जीव सुखावतो, साहेबाने म्हटलं तर अपमान. हाच 'या' समाजाला लागला की मारवाड्या, कोकण्या, आणि तिथे मात्र लाड जवळजवळ कधीच उरत नाही, कारण लाड एका माणसाचा करता येतो, अख्ख्या जमातीचा कसा करणार? 'भय्या'चंही असंच बघा. त्याचा अर्थ भाऊच, अण्णासारखा. 'ओ भय्या, अर्धा लिटर जास्त द्या' यात काही वाईट नाही. पण 'हे भय्ये' असं अनेकवचन झालं आणि ते त्यांच्याशी न बोलता त्यांच्याबद्दल बोललं गेलं, की भाऊ गायब होतो. हाक मारताना आणि पाठीमागे बोलताना शब्दाचं रूप कसं बदलतं ते तुम्ही दोन दिवस नुसतं ऐकत राहा, तुमच्याच ऑफिसात सापडेल.

'घाटी'बद्दल तर मला बोलायलाच हवं, कारण ते आमच्या घरातलं आहे. आजोबा साताऱ्याकडचे, लालबागला गिरणीत होते, चाळीत सगळे शेजारी तळकोकणातले. ते आजोबांना घाटी म्हणायचे आणि आजोबा त्यांना कोकण्या म्हणायचे, रोज, मोठ्याने, गॅलरीतून. पण त्यांना आजोबांचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, आजी गेली तेव्हा चार दिवस चूल त्यांच्याकडची चालली. तोच शब्द मला कॉलेजात ऐकू आला तो वेगळाच होता, 'किती घाटी कपडे', 'काय घाटीसारखं बोलते'. म्हणणाऱ्या मुलीला घाट कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, घाटी म्हणजे गावंढळ एवढाच अर्थ तिच्याकडे होता, आणि तो मला आजही लागतो. गोव्यात 'घांटी' म्हणतात त्यात तर आपण आणि कर्नाटकातले एकाच टोपलीत. गंमत म्हणजे हाच शब्द वस्तूला लागला की कुणाला काही वाटत नाही, घाटी मसाला, घाटी चटणी लोक मागून घेतात, आणि औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, अख्ख्या सरकारी हॉस्पिटललाच लोक 'घाटी' म्हणतात, 'घाटीत ॲडमिट केलंय'.

म्हणून मला वाटतं आपला 'टोपणनाव' हा शब्दच फार नेमका आहे. टोपण म्हणजे झाकण. खाली नाव असेल तर वर झाकण बसवा, मजा आहे. खाली नावच ठाऊक नसेल आणि नुसतं झाकणच असेल तर तो माणूस तुमच्यासाठी रिकामा डबा आहे. चेतेश्वर पुजाराला यॉर्कशायरमध्ये 'स्टीव्ह' म्हणायचे, शब्दात काय वाईट आहे, काहीच नाही, पण का म्हणायचे तर नाव उच्चारता येईना म्हणून.

वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीचं तर याहून वाईट. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला 'काळू' म्हणत, त्याला वाटलं दणकट घोडा असा काहीतरी अर्थ असेल, आणि 2020 मध्ये खरा अर्थ कळल्यावर तो प्रचंड दुखावला. नंतर एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं की ते प्रेमाने होतं. असेलही. आपल्याकडे काळूराम असतात, काळूबाई आहे, विठोबाला आपण काळा-सावळा म्हणून डोक्यावर घेतो, त्यामुळे म्हणणाऱ्याला वाईट वाटलं नसेल हे मी मानते. पण ज्याला हाक मारताय त्यालाच अर्थ सांगितलेला नाही, तर तो हो म्हणाला की नाही हे कळणार कसं?

ईशान्येकडच्या मुलांना दिल्ली-पुण्यात 'चिंकी' म्हणतात त्याबद्दल मी फार लिहीत नाही, तिथे 'प्रेमाने' हा शब्दसुद्धा उच्चारू नये असं मला वाटतं. 2014 मध्ये निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी दिल्लीत मारहाणीनंतर गेला, सुरुवात त्याच्या केसांवरून हिणवण्याने झाली होती.

तर तुमच्या सहकाऱ्याबद्दल: 'मद्रासी' आजपासून बंद करा, 'अण्णा'ही त्याला खरंच आवडतं का ते एकदा विचारा. आणि त्याचं नाव विचाराल तेव्हा एक लक्षात ठेवा, तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं आणि स्वतःचं नंतर, त्यामुळे ऑफिसच्या यादीत पहिलं दिसतंय ते बहुतेक त्याचं आडनाव असेल.