पो यांची कथा आणि ‘शोले’ : सूडाची तुलना प्रकल्पात कशी मांडावी?

एडगर ॲलन पो यांची ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) आणि ‘शोले’ (१९७५) यांतल्या सूडाची तुलना कशी लिहायची, असं तुम्ही विचारलंय. साम्य-भेदाचा तक्ता तेवढा करू नका. कोल्हापुरात कॉलेजांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत ज्या नोट्स मिळतात त्यांत तोच असतो, आणि तपासणाऱ्याला तो पाठ असतो.

मोजपट्टी कथेतच आहे. कथा सांगणारा माँट्रेसॉर एका अपमानाचा सूड म्हणून फॉर्च्युनाटोला तळघरात साखळीनं बांधून भिंतीआड जिवंत चिणतो. सुरुवातीलाच तो सूडाला दोन अटी घालतो. सूड घेणाऱ्याला त्याची शिक्षा भोगावी लागता कामा नये. आणि सूड कोण घेतंय, हे समोरच्याला कळलं पाहिजे. याच दोन अटी ‘शोले’ला लावा.

पहिली अट माँट्रेसॉर पुरी करतो. पन्नास वर्षं त्या भिंतीला कुणाचा हात लागलेला नाही. गोम दुसरीत आहे. फॉर्च्युनाटो विदूषकाच्या वेशात, घुंगरांची टोपी घालून, दारू पिऊन तळघरात आलाय. पहिला थर लागतो न लागतो तोच त्याची नशा उतरते. चौथ्या थराला साखळीचा खळखळाट सुरू होतो, आणि तो नीट ऐकता यावा म्हणून माँट्रेसॉर काम थांबवून हाडांवर बसतो. अकराव्या थराचा शेवटचा दगड उरतो तेव्हा फॉर्च्युनाटो ही थट्टाच आहे म्हणून हसून बघतो. नंतर हाकेला उत्तर येत नाही, फक्त घुंगरं वाजतात. भिंत कोण रचतंय हे त्याला दिसलं. पण कुठल्या अपमानाचा हा सूड, हे माँट्रेसॉर त्यालाही सांगत नाही आणि वाचकालाही नाही. तुमचा निम्मा निबंध इथे उभा राहतो.

‘शोले’त उलटं. कोण आणि कशासाठी, हे गब्बरला पुरतं ठाऊक आहे. अडचण पहिल्या अटीची, कारण ठाकूर माजी पोलीस अधिकारी; त्यानंच कायदा हातात घेतला तर शिक्षा त्यालाही. मूळ शेवटात तो गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं तो बदलायला लावला, म्हणून १९७५ साली प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत ऐन वेळी पोलीस येतात.

‘कथा खोल, सिनेमा उथळ’ हे वाक्य मात्र कृपा करून लिहू नका. मराठी-इंग्रजीच्या वर्गांत ते वर्षानुवर्षं चाललंय, तेही चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात. होळीच्या हल्ल्यात बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलत नाही. तोवर त्याचे हात शालीखाली आहेत असंच आपण धरून चाललेलो असतो. आपल्याला त्याचा राग येतो; मग भूतकाळ उलगडतो, शाल उडते आणि हातच नाहीत हे दिसतं. पो अपमान शेवटपर्यंत झाकून ठेवतात, सिनेमा जखम झाकून मग उघडी करतो. म्हणून वाचकाला माँट्रेसॉरचा संशय येत राहतो आणि प्रेक्षक ठाकूरच्या बाजूनं उभा राहतो. यात उथळ काय आहे?

माँट्रेसॉर स्वतःच निवेदक आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द खरा धरू नका. कथा मूळ इंग्रजीतूनच वाचा, सारांशात घुंगरं गळून पडतात. आणि ‘शोले’चा कुठला शेवट धरून लिहिताय, ते पहिल्याच पानावर नोंदवा.