चाक फिरलं पाहिजे

प्रश्न : काका, गॅदरिंगला आम्ही स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्यातली वाटणारी, वेशभूषा करणार आहोत. हा प्रकार आला कुठून? गॉगलला दातेरी चाकं चिकटवली की झालं का? (एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : पोरी, नुसती चिकटवू नकोस. नाव तसं अलीकडचं. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं १९८७ साली ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रात ते सुचवलं, सायबरपंक (संगणकी भविष्याच्या कथा) या नावाच्या धर्तीवर. मूळ मात्र ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स या जुन्या विज्ञानकथाकारांच्या कल्पनेतलं. जग वाफेवरच पुढं गेलं असतं तर?

माझी हयात बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर गेली, म्हणून सांगतो. या शैलीचा जीव उघड्या यंत्रात आहे. आजचा मोबाइल पोटातलं काही दाखवत नाही. इथं कोण कुणाला फिरवतंय ते दिसतं. आठ दातांचं चाक चोवीस दातांच्या चाकाला जोड. लहान तीन वेळा फिरेल तेव्हा मोठं एकदा. दात एका मापाचे घे, नाहीतर अडकतील.

पितळेसाठी आजीचा पंपाचा स्टोव्ह माग. टाकी चिंचेनं घास, पण नळीच्या सांध्यातला काळेपणा राहू दे. तो खरा वापराचा आहे, मला फार आवडतो. चामड्याचा पट्टा जुनाच बरा. प्लॅस्टिकवर सोनेरी रंग तेवढा मारू नकोस.