दीर म्हणतात नोटरी करून मोकळे व्हा

कळव्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. लग्नाला नऊ वर्षं, मुलगी सात वर्षांची. गेले 14 महिने एकाच वनबीएचकेत ती आणि मुलगी बेडरूममध्ये, नवरा हॉलमध्ये, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यासुद्धा वेगळ्या. भांडून भांडून दोघंही दमलेत, आता सुटायचंय. दीर म्हणतात 500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहा, नोटरी करा, झालं. कोर्टाशिवाय होईल का?

ताई, दिरांचं ऐकू नका हो. हिंदू लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. एखाद्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी असेल तर वेगळी गोष्ट, तीही सिद्ध करावी लागते. उद्या दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं तर तो कागद काही कामाचा नाही, वर गुन्हा.

कोर्टात जावं लागेलच, पण सह्या करायला. परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब. वर्षभर वेगळं राहिलेलं हवं, आणि एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणंच धरतात, म्हणजे तुमचं वर्ष भरलंय. ठाण्याच्या फॅमिली कोर्टात दोघांचा मिळून एक अर्ज, मग सहा महिने थांबायचं, मग दुसरी तारीख. हे सहा महिने माफ होऊ शकतात असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय, पण साधारण दीड वर्ष वेगळं राहिलेलं आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं ठरलेलं असेल तरच, तेही जजच्या मर्जीवर. तुमचे चार महिने कमी पडतायत, ते अटी ठरवण्यात घालवा.

खरं घोडं तिथेच अडतं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने फ्लॅटचं अर्ध्या तासात मिटवलं आणि गौरीचे मुखवटे कुणाकडे यावर तीन बैठका! अशा वेळी मध्यस्थ लागतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केस टाकायच्या आधीच मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो, आणि बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. मामा-काकांना मध्ये बसवू नका, ते जुनी उणीदुणी काढत बसतात.

कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी ठरवून कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये, ‘मुलगी वडिलांना भेटेल’ एवढंच लिहू नका. कुठला शनिवार, किती वाजता, सोडायला कोण, गणपतीत कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, सगळं लिहा. दागिने, पोटगी एकरकमी की महिन्याला, तेही.

आणि होमलोनवर तुमचंही नाव असेल तर सहीआधी बँकेत जाऊन या. हप्ते नवरा भरेल असं कोर्टात लिहून दिलंत तरी बँक तुमच्यामागे लागू शकते, नाव काढायचं तर बँकेनेच काढायला हवं. दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैसे आणि फ्लॅटचे कागद कधी हातात येणार त्याच्या तारखासुद्धा आत्ताच घालून घ्या.