दृष्टी गेली म्हणून नोकरी सोडायची का?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. वय ४५, नोकरी २१ वर्षं. रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे गेल्या दोन वर्षांत नजर झपाट्याने गेली. नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसतं, फायली वाचता येत नाहीत. आवक-जावक नोंदवहीत चुका झाल्या म्हणून कारणे दाखवा नोटीस आली. चार महिने रजेवर होते, त्यातले शेवटचे दिवस बिनपगारी गेले. आता साहेब म्हणतात, "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नाहीतर वैद्यकीय मंडळाकडे पाठवून सेवेतून कमी करावं लागेल. मुलीचं अनुकंपाखाली बघू." अर्ज ऑफिसनेच टाइप करून दिला आहे आणि सोमवारपर्यंत सही मागितली आहे. मुलगी बारावीला आहे, हे पत्रही तिनेच लिहून दिलं. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका. बाकीचं उत्तर मुलीकडून सावकाश वाचून घ्या, पण सोमवारी त्या कागदावर तुमची सही होता कामा नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० (४) मध्ये तुमचाच प्रसंग लिहिलेला आहे. सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं, त्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करायचं नाही आणि खालच्या पदावरही ढकलायचं नाही. हातातलं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवेचे सगळे लाभ कायम ठेवून दुसऱ्या पदावर न्यायचं. असं पद मिळतच नसेल, तर योग्य पद रिकामं होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचं. या कायद्याने केलेल्या ‘शासकीय आस्थापना’च्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणं येतात, त्यामुळे जिल्हा परिषद आणि तिची पंचायत समिती यातून सुटत नाही.

आता त्या अर्जाचा खरा अर्थ पाहा. तुम्हाला सांभाळून घेणं, दुसरं काम देणं, पगार चालू ठेवणं ही आज तुमच्या कार्यालयाची कायदेशीर जबाबदारी आहे. तुम्ही स्वेच्छेने निवृत्ती मागितली की ती जबाबदारी संपते आणि कागदोपत्री सगळं तुमच्या इच्छेने झालं असं दिसतं. पुढची तेरा वर्षं, त्यातल्या वेतनवाढी आणि पदोन्नतीची संधी त्या एका सहीने जाते. पदोन्नतीही निव्वळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही, हे याच कलमात आहे.

असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पंजाब राज्य वीज मंडळातले लाइनमन भगवान दास १९९४ मध्ये नोकरीत असताना पूर्ण अंध झाले. आता नोकरी जाणारच असं समजून त्यांनी १९९६ मध्ये स्वतःच पत्र दिलं, की मला निवृत्त करा आणि माझ्या जागी पत्नीला घ्या. मंडळाने निवृत्ती तत्परतेने मान्य केली. जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती निवृत्ती टिकू दिली नाही. आपल्याला कायद्याचं संरक्षण आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि ते त्याला समजावून सांगणं अधिकाऱ्यांचं कर्तव्य होतं, अशी न्यायालयाची भूमिका होती. तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता आणि त्यातल्या कलम ४७ मध्ये हेच संरक्षण होतं. तुमच्या साहेबांनी दिलेलं अनुकंपाचं आश्वासन ऐकलं आणि मला हा खटला लगेच आठवला. बारावीतल्या मुलीच्या नोकरीची तोंडी आशा दाखवून तिच्या आईची हातातली नोकरी काढून घेणं मला अतिशय चुकीचं वाटतं. "हे मला लेखी द्या," एवढंच त्यांना म्हणा.

वैद्यकीय मंडळाचं नाव काढलं म्हणून घाबरू नका. मंडळ फार तर एवढं सांगेल, की तुम्ही सध्याचं काम करू शकत नाही. त्यानंतर काय करायचं ते कलम २० (४) ठरवतं, मंडळ नाही. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या खटल्यात पाय गमावलेल्या एका शिपायाला वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढलं होतं आणि रुग्णता निवृत्तिवेतन सुरू केलं होतं. तसं निवृत्तिवेतन दिलं म्हणून कायद्याचं संरक्षण नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

नुसता नकार देऊन मात्र थांबू नका. तुम्हाला काय हवं आहे ते लेखी मागा. कलम २० (२) नुसार दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी आणि अडथळाविरहित वातावरण देणं कार्यालयावर बंधनकारक आहे. माझा अनुभव असा, की "मला सहकार्य करावे ही विनंती" अशा अर्जावर काहीच हालत नाही, नेमकी मागणी केली की उत्तर द्यावं लागतं. म्हणून टेबल बदलून मागा. शाईच्या नोंदवह्यांऐवजी संगणकावरचं किंवा फोनवरून पाठपुराव्याचं काम मागा. संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, मागा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो, त्यामुळे "निधी नाही" हे उत्तर इथे चालणार नाही. तो युनिकोडमधला मजकूरच नीट वाचतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं त्याला कळत नाहीत, म्हणून तुमच्याकडे येणारी टिपणी युनिकोडमध्ये यावी हेही अर्जात लिहा. स्क्रीन रीडर आणि पांढरी काठी शिकण्यासाठी प्रशिक्षणाचा कालावधी मागा. जिना, अंधारा पॅसेज, वाटेत रचलेले गठ्ठे यांचाही उल्लेख करा.

अर्जाची भाषा साधी ठेवा : "मला सेवेत असताना दृष्टिदिव्यांगत्व आले आहे. मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही व मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) नुसार मला समान वेतनश्रेणीतील योग्य पदावर सामावून घ्यावे आणि कलम २० (२) नुसार पुढील सोयी द्याव्यात." अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, एक प्रत थेट जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागाला द्या आणि पोच घ्या. आवक-जावक तुम्हीच सांभाळली आहे, पोच नसलेल्या कागदाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्रमाणपत्राचं काम लगेच सुरू करा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होते. तुमच्या आजारात अक्षर वाचण्याच्या चाचणीइतकीच दृष्टिक्षेत्राची तपासणी महत्त्वाची असते. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला की अल्पदृष्टी धरतात आणि १० अंशांपेक्षा कमी झाला की अंधत्व. ती तपासणी करून घेतल्याशिवाय परत येऊ नका. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, कलम २० (४) मध्ये ती लिहिलेली नाही. तरी हातात प्रमाणपत्र असलं की वाद कमी होतात.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. चुका दृष्टी गेल्यामुळे झाल्या, निष्काळजीपणामुळे नाही, असं लिहून नेत्रतज्ज्ञांचे कागद जोडा. दिव्यांगत्वातून घडलेल्या वर्तनावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरू शकतो, हे रवींदर कुमार धारीवाल यांच्या २०२१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानलं आहे. तो खटला मानसिक आजाराचा होता, पण तत्त्व तुमच्या कामी येईल. बिनपगारी धरलेले दिवस नियमित करावेत अशी मागणीही याच वेळी नोंदवा.

दाद मिळाली नाही तर? प्रत्येक शासकीय आस्थापनेत कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती आहे. पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. पण सेवेतून कमी केल्याचा आदेश हातात पडला, तर या पायऱ्या चढत बसू नका. सरळ उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका करा. मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या नाही. तिकडे गेलात तर वेळ फुकट जाईल.

हे वाचणाऱ्या कोणी अशा अर्जावर आधीच सही केली असेल, तर स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिन्यांच्या नोटिशीचा काळ संपण्यापूर्वी अर्ज मागे घेत असल्याचं लेखी कळवा. मागे घेण्याची परवानगी मनमानीपणे नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बलराम गुप्ता यांच्या १९८७ च्या खटल्यात सांगितलं आहे. खाजगी नोकरीत मात्र कलम २० (४) लागू होत नाही. कायद्यातली ही मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. तिथे भेदभावाविरुद्धच्या कलम ३ वर आणि कंपनीच्या समान संधी धोरणावर लढावं लागतं, आणि ती लढाई अवघड जाते.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना आणि दिव्यांग व्यक्तींना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा त्यांना लागू नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. ओळखपत्र, नोटीस, ऑफिसने टाइप करून दिलेला तो अर्ज आणि डॉक्टरांचे कागद घेऊन मुलीबरोबर तिथे जा. सही न केलेला तो अर्ज फाडू नका, परतही देऊ नका. निवृत्तीची कल्पना कोणाची होती याचा तो पुरावा आहे.